अर्ध्या हळकुंडाचा कल्लोळ

हिंगोली हळदीच्या बाजाराचं गाव. त्यामुळे अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणारा माणूस आम्ही लांबून ओळखतो. ‘संशयकल्लोळ’च्या निवडक पदांची कॅसेट ऐकून ‘चला, नाटक झालं!’ म्हणणारे त्यातलेच.

पदं गोड आहेत, वाद नाही. पण मोलियरचा १६६० सालचा फार्स मर्फीच्या इंग्रजी नाटकातून देवलांपाशी आला आणि इतका मराठी झाला, की पात्रांची नावंसुद्धा पंचांगातून निघाली. आधी ते गद्य नाटक होतं, ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’. १९१६ साली त्याचं संगीत नाटक झालं. म्हणजे हसू आधी, गाणं मागून!

कॅसेटीत फक्त मागचं उरलंय. आश्विनशेठ-रेवती ताना घेतात. पण मूर्च्छित रेवतीला सावरणारे फाल्गुनराव, ते पाहून जळणारी कृत्तिका, तिला सापडलेली तसबीर, सगळं गुल. संशय गाळला नि कल्लोळ ठेवला!

सौभाग्यवतींनी स्वयंपाकघरातून विचारलंच, “अहो, पण ही माणसं रुसलीत कशावरून?”

“तसबिरीवरून.”

“मग ती कुठाय यात?”

“तसबीर गात नाही गं!”