शून्य ते दहा, आणि गुडघ्यामागचा ठणका

देकार्तचं चित्र आठवा. पाय विस्तवाजवळ गेला की आत दोरी ओढली जाते आणि मेंदूत घंटा वाजते. गुडघा बदलल्यावर भूलतज्ज्ञ जो नर्व्ह ब्लॉक देतात, तो वरवर पाहता देकार्तचाच विजय वाटतो. सोनोग्राफीत बघत सुई घालायची, दोरीच बधिर करायची.

पण दोऱ्या अनेक. जांघेतली फेमोरल नस बधिर केली तर मांडीचा स्नायूही ढिला पडतो. माणूस उभा राहायला जातो आणि गुडघा दगा देतो. म्हणून हल्ली मांडीच्या मधल्या भागात, अॅडक्टर कॅनॉलमध्ये, औषध सोडतात. ताकद बरीच टिकते. गुडघ्याची मागची बाजू मात्र दुखत राहते. तिच्यासाठी आयपॅक नावाचा वेगळा ब्लॉक.

इथवर आमची तक्रार नाही. तक्रार नंतरच्या प्रश्नाची आहे: 'शून्य ते दहा, किती दुखतंय?' तुळजापूरच्या पायऱ्या जन्मभर चढलेल्या आमच्या शेजारच्या आक्का म्हणाल्या, "आकडा काय सांगू बाबा? पुढं काय नाय, मागं ठणका हाय." बघा, यात जागा आली, दुखण्याची जात आली. कोणती नस राहिली, याचा माग यातूनच लागतो. रकान्यात पडलं 'पाच'.

2020 साली वेदना-अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं व्याख्या सुधारली; माणूस सांगेल ते मानावं, असंही बजावलं. उत्तम. पण ठणका, कळ, चमक, रग हे सांगायला जागा कुठाय? आणि लेक रजा टाकून उशाशी बसलाय म्हणून आक्का दुसऱ्या दिवशी 'दोन' म्हणाल्या, ते कसं मानायचं?