राजकन्येची करुणा आणि उलटे धरलेले मूल

व्हेनिसचा चित्रकार जोव्हान्नी बात्तिस्ता तिएपोलो (१६९६-१७७०) याने १७३० नंतरच्या दशकात रंगवलेले ‘मोशे सापडतो’ हे चित्र एडिंबरोच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात आहे. मी ते छापील प्रतीवरूनच पाहिले आहे. रोकोको शैलीतील रंगांची उधळण, वस्त्रांची झळाळी, उत्सवी थाट हे सारे त्यात आहे. ते मला आवडत नाही असे म्हणणे खोटेपणाचे होईल. परंतु आवडणे आणि मान्य करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बायबलमधील मूळ कथा गुलामांची आहे. इब्री लोक मिसर देशात विटा पाडीत, फारोची नगरे बांधीत. त्यांची संख्या वाढू लागली तेव्हा फारोने सुइणींना हुकूम दिला की, इब्री बाईला मुलगा झाला तर मारून टाका. सुइणींनी तो मानला नाही. मग प्रत्येक नवजात मुलगा नदीत फेकण्याची आज्ञा सुटली. एका आईने आपले मूल तीन महिने लपवले आणि अखेर डांबर लावलेल्या लव्हाळ्याच्या पेटीत घालून नदीकाठी ठेवले. बहीण दूर उभी राहून पाळत ठेवीत होती. म्हणजे राजकन्या येण्यापूर्वीच मूल वाचवण्याचे काम गुलाम स्त्रियांनी केलेले होते.

तिएपोलोच्या चित्रात काय दिसते? मध्यभागी सोळाव्या शतकातील भरजरी पोशाखातली राजकन्या आणि तिचा परिवार. मागे नाईलचा काठ नव्हे, तर युरोपातील डोंगर आणि झाडे. मुलाची आई म्हणून ओळखावी अशी एकही आकृती मला त्यात सापडत नाही. कथेतही त्या क्षणी ती तेथे नसते, हे खरे. परंतु पुढच्याच क्षणी तिला बोलावले जाते आणि स्वतःच्या लेकराला पाजण्यासाठी राजकन्या तिला मजुरी देऊ करते! कथेतला सर्वांत दाहक प्रसंग तो आहे. चित्रकाराने निवडला तो करुणेचा क्षण, आणि त्या क्षणाची मालकी राजवाड्याकडे आहे.

मूळ चित्राच्या उजव्या बाजूला एक भालाईत सैनिक होता. पुढे तो भाग कापला गेला आणि आज तो वेगळे चित्र म्हणून अस्तित्वात आहे. कापणाऱ्याचा हेतू काहीही असो, परिणाम असा झाला की, सत्तेचे शस्त्र चित्राबाहेर गेले आणि दया तेवढी उरली. आपल्याकडील सहानुभूतीच्या वाङ्मयातही वेगळे काय घडते? तेथेही उद्धारकर्ता ठळक असतो आणि हुकूम काढणारा हात चौकटीबाहेर असतो.

तरीही तिएपोलोला एका गोष्टीचे श्रेय दिलेच पाहिजे. त्याचे मूल गोंडस देवदूत नाही. ते दासीच्या हातात डोके खाली, पाय वर अशा अवस्थेत आक्रोश करते आहे. एवढ्या नजाकतीत तेवढाच एक आवाज बेसूर आहे आणि तोच खरा आहे.

बाबासाहेबांनी १९४१ साली मोशेच्या महत्त्वाविषयी लिहिले होते. शोषितांना मोशे जवळचा वाटतो तो राजकन्येने उचलून घेतला म्हणून नव्हे. राजवाड्यात वाढूनही तो विटा पाडणाऱ्यांकडे परत गेला आणि त्यांना घेऊन बाहेर पडला, म्हणून तो आमचा वाटतो. या चित्रासमोर उभे राहताना राजकन्येचे रेशीम अवश्य पाहावे. पण कान मात्र त्या मुलाकडे ठेवावा.