नामांखाली दडलेले विधान

तांत्रिक निवेदनाचे अध्यापन आपल्याकडे बहुधा आवाज, देहबोली आणि पडद्यावरील मांडणी यांपुरतेच मर्यादित राहते. वाक्यरचनेचा विचार त्यात क्वचितच येतो. एडवर्ड टफ्टी यांनी २००३ मध्ये केलेले एका पारदर्शिकेचे विश्लेषण या दृष्टीने पुन्हा तपासण्याजोगे आहे.

जानेवारी २००३ मध्ये कोलंबिया यानाच्या उड्डाणसमयी फेसाचा एक तुकडा डाव्या पंखावर आदळला. त्यासंबंधी अभियंत्यांनी नासापुढे मांडलेल्या पारदर्शिकेचा मथळा आश्वासक होता. प्रयोगातील तुकडा ३ घन इंचांचा व प्रत्यक्षातील १९२० घन इंचांचा, म्हणजे ६४० पट मोठा, ही बाब मात्र तळाशी एका उपमुद्द्यात होती. १ फेब्रुवारीस यान नष्ट झाले व सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. चौकशी मंडळाने आपल्या अहवालात या विश्लेषणाची दखल घेतली.

टफ्टी यांचा मुख्य रोख पॉवरपॉइंटच्या मुद्देसूद उतरंडीवर आहे. तो रास्त असला तरी अपुरा वाटतो. मथळ्यात क्रियापद होते. पण त्याचा कर्ता ‘आढावा’ आणि कर्म ‘सावधपणा’! फरशी भेदली जाईल की नाही, हा खरा प्रश्न ‘भेदन’ या नामात विरून गेला. मराठीत ‘भेदली’, ‘भेदेल’, ‘भेदू शकेल’, ‘भेदली असावी’ या रूपांतून निश्चितीच्या निरनिराळ्या पायऱ्या व्यक्त होतात. ‘भेदन’ म्हणताच त्या सर्व पुसल्या जातात. हा दोष यंत्राचा नव्हे, तो खडू-फळ्यावरही घडतो. एका पारदर्शिकेने यान पडले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. तथापि निर्णय घेणाऱ्यांपुढे धोका विधानरूपाने उभा राहिला नाही, एवढे निश्चित.

मायकेल ॲली मथळ्याच्या जागी पूर्ण वाक्य योजावे असे सुचवतात, ते याच कारणास्तव ग्राह्य ठरते. आपल्या परिसंवादांत विद्यार्थी ‘निष्कर्ष’, ‘मर्यादा’, ‘परिणाम’ अशी नामे पडद्यावर मांडतो आणि आपणही ती मान्य करतो. त्याऐवजी पडदा उघडण्यापूर्वीच त्याच्याकडून आपले प्रतिपादन कर्ता, क्रियापद व परिमाण यांसह एका वाक्यात लिहवून घ्यावे. पूर्ण वाक्यही चुकीचे असू शकते, हे खरे. परंतु चुकीच्या वाक्याचे खंडन करता येते. नामाचे खंडन करता येत नाही.