‘वाहक’ म्हणजे रोगी नव्हे

सिकलसेल म्हटले की गडचिरोली, नंदुरबार आठवतात. लोणी काळभोरच्या वर्गात हा भाग शिकवताना तो आपला प्रश्न वाटत नाही. पण पोटापाण्यासाठी माणसे गाव सोडतात तेव्हा जनुकेही सोबत येतात. म्हणून २०१७ साली आलेल्या बालभारतीच्या नववीच्या विज्ञानातील ‘आनुवंशिकता व परिवर्तन’ हे प्रकरण बारकाईने वाचायला हवे.

प्रकरण आजाराच्या मुळाशी, थेट रेणूपर्यंत जाते, ही जमेची बाजू. हिमोग्लोबिनमधील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. मग ऑक्सिजन कमी पडताच तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते.

खटकतो तो उपायांचा भाग. वाहक व रुग्ण यांनी आपसात लग्न टाळावे, यावर तिथे भर आहे. सल्ला चुकीचा नाही, अपुरा आहे. ‘डास हा हिवतापाचा वाहक’ हे मुलांनी आधीच शिकलेले असते. त्यामुळे सिकलसेलचा वाहक म्हणजे रोग पसरवणारा, असा अर्थ ती सहज लावतात. प्रत्यक्षात वाहकाकडून कोणालाही लागण होत नाही आणि तो बहुधा निरोगीच असतो. चौदा वर्षांच्या वाहक मुलीला मात्र एवढेच ऐकू येते, की आपल्यात खोट आहे.

चाचणीचेही असेच. सोल्युबिलिटी चाचणी दोष आहे एवढेच सांगते. मूल वाहक की रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिससारख्या तपासणीतूनच कळते. नवजात बाळात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन जास्त असल्याने सोल्युबिलिटी चाचणीवर विसंबता येत नाही.

आणि तपासणी केवळ लग्नासाठी नसते. अमेरिकेतील एका अभ्यासात (१९८६) सिकलसेलच्या लहान रुग्णांना रोज पेनिसिलिन दिल्यावर न्यूमोकोकसचा गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी घटला. लवकर निदानाचा पहिला लाभ त्या मुलालाच होतो, हे ठळकपणे यायला हवे होते. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानाने ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले. अशा वेळी शब्द जपूनच वापरायला हवेत.

ही उणीव शिक्षक भरून काढू शकतात. दोन नाणी एकदम अनेकदा उडवायला सांगा. दोन्ही छापे म्हणजे रुग्ण, एकच छापा म्हणजे वाहक, एकही नाही म्हणजे दोषमुक्त. आई-वडील दोघेही वाहक असतील तर या शक्यता २५, ५० आणि २५ टक्के असतात, आणि प्रत्येक गरोदरपणात त्या तशाच राहतात. एक मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन सुटली, असे होत नाही.

वर्गात कोणाचा रक्ताचा अहवाल मात्र विचारू नये. नाणी पुरेशी आहेत.