‘उचल’ या शब्दाचा अर्थ : आंत्रशोथ व रक्ताच्या गुठळ्या यांविषयीच्या एका निबंधाचे परीक्षण

आतड्याच्या दीर्घकालीन शोथात रुग्णाच्या शिरांतून रक्ताच्या गुठळ्या होतात, हे निरीक्षण नवे नाही. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील बार्गेन व बार्कर यांनी 1936 सालीच व्रणमय बृहदांत्रशोथाच्या रुग्णांतील अशा उपद्रवाचे वर्णन केले होते. ज्या आतड्यातून रक्तस्राव होतो, त्याच रुग्णाचे रक्त अन्यत्र गोठावे, यातील विसंगती वैद्यांना दीर्घकाळ खटकत राहिली. शोथामुळे रक्त गोठविणारी द्रव्ये वाढतात आणि गुठळी विरघळविणारी क्रिया मंदावते, एवढे स्पष्टीकरण आता सर्वमान्य आहे. प्रश्न उरतो तो धोक्याच्या मापनाचा, आणि तेथे भाषेचा संबंध येतो.

ग्रेंज, वेस्ट व कार्ड या नॉटिंगहॅम विद्यापीठातील संशोधकांचा निबंध 2010 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. ब्रिटनमधील कुटुंबवैद्यांच्या नोंदींतून त्यांनी 13,756 रुग्ण व तुलनेसाठी 71,672 इतर व्यक्ती घेतल्या. रुग्णांपैकी 139 जणांस व इतरांपैकी 165 जणांस शिरेतील गुठळीचा विकार झाला. एकंदर धोका 3.4 पट ठरला. रोगाने उचल खाल्लेल्या काळात तो 8.4 पट होता.

या ‘उचली’ची व्याख्या हा निबंधाचा कणा आहे, आणि त्याचे दुबळे अंगही तेच. नवे कॉर्टिकोस्टेरॉइड औषध लिहून दिल्यापासूनचे 120 दिवस, ही ती व्याख्या. मराठीत दुखणे उचल खाते असे म्हणतात, तेव्हा कर्ता दुखणे असते. येथे कर्ता प्रत्यक्षात औषधाची चिठ्ठी आहे. दुखणे बळावूनही ज्याने वैद्य गाठला नाही, तो रुग्ण या व्याख्येबाहेर राहिला. शिवाय स्टेरॉइड घेणाऱ्यांत गुठळ्यांचे प्रमाण अधिक आढळते, हे अन्यत्रही दिसले आहे. तेव्हा 8.4 पैकी रोगाचा वाटा किती व औषधाचा किती, हे या व्याख्येतून निवडून काढता येत नाही. नोंदींत शोथाचे थेट माप नसताना संशोधकांना दुसरा मार्ग फारसा नव्हता, हे मान्य करावे लागेल. तथापि निबंधाचा आधार घेणारे बहुसंख्य लेखक व्याख्या गाळून केवळ आकडा उचलतात, आणि चिठ्ठीचा काळ हा रोगाचा काळ होऊन बसतो. (आपल्याकडे ‘उद्रेक’ हा शब्द योजतात, पण तो साथीशी इतका निगडित झाला आहे की एकाच माणसाच्या दुखण्याला तो शोभत नाही. ‘प्रकोप’ म्हणावे तर त्रिदोष आठवतात.)

निबंधाचा सर्वांत मोलाचा भाग याहून पुढे आहे. उचलीच्या काळात घरी असलेल्या रुग्णांचा सापेक्ष धोका 15.8 पट, तर रुग्णालयात दाखल असलेल्यांचा केवळ 3.2 पट आढळला. घाईने वाचणारा यावरून घरचा रुग्ण अधिक संकटात आहे असे समजेल. वस्तुस्थिती उलट आहे. दर हजार व्यक्तिवर्षांमागे घरच्या रुग्णांत 6.4, तर रुग्णालयातील रुग्णांत 37.5 गुठळ्या झाल्या. रुग्णालयात पडून असलेल्या कोणाही माणसाचा धोका मुळातच मोठा असल्याने तेथील ‘पट’ लहान दिसते. ‘पट’ हा शब्द कशाची पट हे सांगितल्यावाचून अपुरा आहे. संशोधकांनी दोन्ही माने शेजारी मांडली, ही त्यांची सचोटी होय.

रुग्णालयात दाखल झालेल्यांस हेपारिनसारखे प्रतिबंधक औषध देण्याची शिफारस आज रूढ आहे. घरच्या रुग्णांबाबतही असा विचार व्हावा, असे निबंधकार सुचवितात. तेथे मात्र हिशेब अवघड होतो. 6.4 हा वार्षिक दर 120 दिवसांना लावल्यास हजार उचलींमागे सुमारे दोन गुठळ्या येतात. त्या दोन टाळण्यासाठी हजार माणसांस, आतड्यातून आधीच रक्त जात असताना, रक्त पातळ ठेवणारे औषध द्यावे काय, याचे उत्तर 15.8 हा आकडा देत नाही. त्या हजारांत पूर्वी गुठळी झालेले कोण, अंथरुणाला खिळलेले कोण, हे पाहूनच निर्णय करावा लागतो, आणि ती निवड प्रत्येक रुग्णाच्या खाटेशी बसूनच होते.