'निष्क्रिय' या विशेषणाची चिकित्सा

एंझाइमाची उत्प्रेरणशक्ती नाहीशी झाली की त्यास 'निष्क्रिय' म्हणून बाजूस सारण्याची प्रथा अध्यापनात रूढ आहे. हे विशेषण दोन भिन्न गोष्टींस सारखेच लावले जाते आणि विचारात घोटाळा होतो.

पहिली गोष्ट परळची आहे. सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय व के. ई. एम. रुग्णालय येथील डॉ. वाय. एम. भेंडे व सहकाऱ्यांनी १९५२ साली 'बॉम्बे' रक्तगटाचे वर्णन प्रसिद्ध केले. फुकोज शर्करा जोडून एच प्रतिजन घडविणाऱ्या एंझाइमात, या गटाच्या भारतीय व्यक्तींमध्ये बहुधा २४२ व्या स्थानी ल्यूसिनऐवजी आर्जिनिन आढळते. तेवढ्याने एंझाइम निकामी होते. असे रक्त नेहमीच्या तपासणीत 'ओ' गटाचे भासते. पण त्यातील एच-विरोधी प्रतिपिंडे बाहेरून दिलेल्या 'ओ' रक्ताच्या पेशी नष्ट करतात. येथे निष्क्रियता म्हणजे उणीव होय, आणि ती ध्यानात न आल्यास प्राणावर बेतते.

दुसरी गोष्ट फॉस्फेटेजांची. टायरोसीन फॉस्फेटेजांच्या कुलात क्रियास्थानी सिस्टीन अनिवार्य असते. स्टिक्स प्रथिनात तेथे ग्लायसीन आहे. विशार्ट व डिक्सन यांनी १९९५ साली त्या जागी सिस्टीन आणताच उत्प्रेरण प्रकट झाले. यावरून स्टिक्स हे बिघडलेले एंझाइम होय असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो ग्राह्य नाही. या प्रयोगाने प्रथिनाची घडण शाबूत असल्याचे सिद्ध होते, ते निरुपयोगी असल्याचे नव्हे. उंदरांत हे जनुक निकामी केल्यास शुक्राणूंची निर्मिती खुंटते.

एमटीएमआर१३ चा दाखला अधिक निर्णायक आहे. त्यास स्वतःची उत्प्रेरणशक्ती नाही. तथापि ते एमटीएमआर२ या क्रियाशील फॉस्फेटेजाशी संयोग पावते. त्याच्या जनुकातील उत्परिवर्तनांनी शार्को-मारी-टूथ विकाराचा ४बी२ हा प्रकार उद्भवतो. जे मुळातच 'निष्क्रिय', त्याच्या अभावाने मज्जातंतू का झिजावेत, या प्रश्नास रूढ परिभाषेपाशी उत्तर नाही.

म्हणून व्यक्तीत उत्परिवर्तनाने शक्ती गमावलेल्या एंझाइमास 'निकामी', आणि उत्क्रांतीत उत्प्रेरण सोडून अन्य कार्य पत्करलेल्या प्रथिनास 'अनुत्प्रेरक' म्हणणे इष्ट. केवळ अनुक्रमात सिस्टीन नाही एवढ्यावरून निर्णय देणे म्हणजे एच प्रतिजन न तपासता बाटलीवर 'ओ' लिहिण्यासारखे होय.