ब-६ जीवनसत्त्व आणि स्वमग्न बालके : एका प्रयोगाचे परीक्षण

स्वमग्न बालकांपैकी अनेकांना साधा आवाज असह्य होतो, अंगावरचा कपडा टोचतो, ठराविक चवीचेच अन्न गिळवते. अशा संवेदनविषयक अडचणींवर जी पूरके सुचविली जातात, त्यांत ब-६ जीवनसत्त्वाचे, म्हणजे पिरिडॉक्सिनचे, नाव जुने आहे. त्याच्या पुरस्कर्त्यांचा एक प्रमुख आधार म्हणजे रिमलँड, कॅलवे व ड्रायफस यांचा १९७८ मधील निबंध. त्याचे परीक्षण अगत्याचे वाटते.

बर्नार्ड रिमलँड यांची योग्यता निर्विवाद आहे. स्वमग्नतेचे मूळ मातेच्या भावशून्यतेत शोधणाऱ्या मताला त्यांच्या १९६४ मधील ग्रंथाने जबर धक्का दिला. १९७८ चा प्रयोगही शिस्तीचा होता. गोळी खरी की बनावट, हे वर्तनाची नोंद करणाऱ्यांस ठाऊक नव्हते. आणि जीवनसत्त्व काढून घेतले असता वर्तन बिघडल्याचे आढळले.

परंतु ही १६ बालके निवडली कशी? आधीच्या खुल्या प्रयोगात ज्यांच्यात सुधारणा दिसली होती, तीच घेण्यात आली. तेव्हा, ज्यांना लाभ झालासा वाटतो त्यांचे जीवनसत्त्व थांबविल्यास काय होते, एवढ्याच प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. एकंदर स्वमग्न बालकांपैकी कितीजणांना लाभ होईल, हा प्रश्न विचारलेलाच नाही. शिवाय वर्तन म्हणजे संवेदन नव्हे. मूल कानांवर हात ठेवीनासे झाले, म्हणून आवाज बोचेनासा झाला असे ठरत नाही. २००५ मधील कॉक्रेन समीक्षेसही, उपलब्ध प्रयोग थोडे व लहान असल्यामुळे, काहीच शिफारस करता आली नाही.

हा वाद केवळ पद्धतीचा नाही. १९८३ मध्ये शॉमबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी ७ प्रौढ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. पिरिडॉक्सिनच्या अतिमात्रेने त्यांच्या संवेदी मज्जातंतूंना इजा होऊन चाल अस्थिर झाली होती. ती मात्रा दिवसाला काही ग्रॅमची, म्हणजे फारच मोठी होती, हे खरे. तथापि संवेदनाच्या सुधारणेसाठी द्यावयाचे द्रव्यच अतिमात्रेत संवेदनास मारक ठरते, हे दृष्टिआड करता येत नाही. पायांना बधिरता आली, हे न बोलणारे मूल सांगणार कसे?

म्हणून पुढील प्रयोगात बालके आधी पारखून घेतलेली नसावीत, संवेदनाची स्वतंत्र मोजणी व्हावी आणि मज्जातंतूंची तपासणी नियमाने व्हावी. तोवर या निबंधास उपचाराचे प्रमाणपत्र मानणे, हा त्यातील पुराव्याचा अतिविस्तार होय.